ज्योतिर्वाङ्मयाचा शोध : पाटणच्या मठापासून संगणकापर्यंत



वैशाखातल्या खानदेशात दिवसभर घरात कोंडून घेतलेला माणूस सूर्य मावळल्यावर बाहेर पडतो तो गार वाऱ्यासाठी. असे असता आपण आज येथे एका रुक्ष विषयावरील व्याख्यान ऐकावयास आला आहात, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. विषय चालकांना कळविला तेव्हा त्यांनी आम्हांला सौजन्याने विचारले, "हे जळगावच्या श्रोत्यांना हवे कशाला?" प्रश्न रास्त होता. आजचे व्याख्यान म्हणजे त्याचेच उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

उत्तराचा आरंभ अमेरिकेत नव्हे, आपल्याच जिल्ह्यात करू. चाळीसगावपासून काही मैलांवर डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे. पाटणादेवीच्या दर्शनास आपल्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. त्या गावी एक शिलालेख सापडला आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांच्या नजरेस आणला. लेख आहे इ. स. १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने येथे एक मठ स्थापन केला आणि त्या मठास निकुंभ वंशातील सोइदेव राजाने चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी दान दिले, असे त्यात सांगितले आहे. मठ कशासाठी? पूजाअर्चेसाठी नव्हे. भास्कराचार्यांचा सिद्धान्तशिरोमणि, त्यांचे इतर ग्रंथ आणि त्यांच्या कुळातील पंडितांचे ग्रंथ येथे शिकविले जावेत, एवढ्यासाठी. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ज्योतिषशास्त्राच्या वाङ्मयाचे जतन आणि अध्यापन करणारी ती संस्था होती.

या लेखातील अखेरचा भाग आम्हांला फार मोलाचा वाटतो. वरचा मजकूर संस्कृतात आहे, पण देणग्यांचा तपशील येताच भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरील कराचा वाटा मठास द्यावा, आणि जितके तेलाचे घाणे चालतात तितक्या घाण्यांमागे पळी पळी तेल द्यावे, असा तो तपशील आहे. ज्यांना सिद्धान्तशिरोमणीतला एक श्लोकही कळत नसेल त्या दुकानदारांच्या आणि तेल्यांच्या कष्टावर हा अभ्यास चालत होता. ही पळीभर तेलाची गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. शेवटी तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

आता मठाकडून एका शिक्षकाकडे वळू. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे मूळचे कोकणातील मुरूडचे. जन्म १८५३, मृत्यू १८९८. उणेपुरे पंचेचाळीस वर्षांचे आयुष्य. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. सरकारी शाळाखात्यात त्यांची ठिकठिकाणी बदली होत गेली आणि त्या ओघात काही वर्षे ते आपल्या शेजारच्या धुळ्यास ट्रेनिंग स्कुलात शिक्षक होते. १८९६ मध्ये त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंत आपल्या देशात आकाशाविषयी कोणी काय लिहिले, कोणता ग्रंथ केव्हाचा, कोणी कोणाचा आधार घेतला, याचा तपास त्यांनी मराठीत केला.

हे काम किती कष्टाचे असेल याचा आपण विचार करावा. एखादी पोथी कोणाच्या घरी आहे हे कळावे लागे. मग पत्र लिहावे लागे. मालकाची समजूत पटवावी लागे. पोथी हाती आली तर नक्कल करावी लागे. आणि नक्कल झाल्यावर तीतील गणित स्वतः करून पाहून ग्रंथाचा काळ ठरवावा लागे. एका प्रश्नाच्या उत्तरास महिने लागत. प्रश्न मात्र मोजके चारच असत. हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? त्याने कोणाचे वाचले होते? आणि त्याचे पुढे कोणी वाचले?

आजचा खगोलशास्त्रज्ञही सकाळी कामाला बसतो तेव्हा हेच चार प्रश्न विचारतो. फरक एवढाच, की त्याच्या समोरचा ढीग शेकडो पोथ्यांचा नाही. तो दीड कोटीहून अधिक नोंदींचा आहे.

ढीग वाढणार हे जाणत्या लोकांनी पूर्वीच ओळखले होते. फ्रान्समध्ये लालांद याने १८०३ मध्ये ज्योतिषविषयक ग्रंथांची मोठी सूची छापली. जर्मनीत १८९९ सालापासूनच्या लेखनाचे वार्षिक गोषवारे निघू लागले. हे जाडजूड खंड ग्रंथालयात असत आणि संशोधक त्यांवर बोट फिरवीत बसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे बोट पुरेनासे झाले. तेव्हा अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेच्या खर्चाने आणि हार्वर्ड-स्मिथसोनियन या खगोलकेंद्रातील मंडळींच्या हातून एक व्यवस्था उभी राहिली. तिचे नाव 'अ‍ॅस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम'. आपण तिला नुसते 'एडीएस' म्हणू. १९९३ च्या सुमारास तिच्यात लेखांचे गोषवारे शोधता येऊ लागले आणि १९९४ मध्ये ती वेबवर आली. पुढे जुन्या नियतकालिकांची हजारो पाने चित्ररूपाने तीत साठविण्यात आली. जगात ठिकठिकाणी तिच्या प्रतिकृती ठेवण्यात आल्या, कारण त्या काळी परदेशातून पान उतरवून घेताना चहा थंड होऊन जाई. अशी एक प्रतिकृती पुण्यास 'आयुका' या संस्थेत होती. तारांचे जाळे वेगवान झाले तशी या प्रतिकृतींची गरज उरली नाही. अलीकडे याच व्यवस्थेचा विस्तार सूर्य, ग्रह आणि पृथ्वी यांच्या अभ्यासापर्यंत 'सायएक्स' या नावाने करण्यात आला आहे.

या भांडारात प्रत्येक लेखास एक खूण दिलेली असते. तीत बरोबर एकोणीस अक्षरे असतात, न कमी न अधिक. आम्ही एक उदाहरण सांगतो. डॉक्टर जयंत नारळीकर आपणां सर्वांच्या परिचयाचे. कोल्हापूरचा जन्म, १९८८ मध्ये आयुकाची स्थापना, आणि मराठीत विज्ञानकथा लिहून ज्यांनी घराघरात आकाश नेले ते नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. १९६४ मध्ये त्यांनी फ्रेड हॉईल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाच्या नव्या उपपत्तीवर लेख लिहिला. तो लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात खंड २८२, पृष्ठ १९१ वर छापला गेला. त्याची खूण अशी : पहिली चार अक्षरे वर्षाची, १९६४. पुढची पाच नियतकालिकाच्या संक्षिप्त नावाची, आर-एस-पी-एस-ए. पुढची चार खंडाची. खंडाचा आकडा तीनच अंकी असल्याने रिकामी जागा एका टिंबाने भरावयाची. मग एक घर विशेष खुणेसाठी राखीव. येथे तेही टिंबच. मग चार घरे पृष्ठाची. आणि शेवटचे एक अक्षर पहिल्या लेखकाच्या आडनावाचे. येथे ते एच आहे, हॉईल यांचे.

म्हणजे खुणेत नारळीकरांचे नावच नाही! खूण ही घरपट्टीच्या क्रमांकासारखी असते. तीवरून घर सापडते. घरात कोण कोण राहते हे कळत नाही. ते कळण्यासाठी भांडाराला रीतसर प्रश्न विचारावा लागतो, आणि तेथेच आपला आजचा खरा विषय सुरू होतो.

भांडाराला दोन दारे आहेत. एक दार माणसांसाठी : पडद्यावर चौकट असते, तीत नाव लिहावे, उत्तर वाचावे. एका प्रश्नासाठी हे दार उत्तम. परंतु एखाद्या विद्यार्थिनीला गेल्या पन्नास वर्षांतील धूमकेतूंवरचे सर्व लेख वर्षवार लावून पाहावयाचे असतील तर? तिने चौकटीत हजार वेळा लिहावे काय? तिच्यासाठी दुसरे दार आहे. त्या दाराशी माणूस बोलत नाही, माणसाने लिहिलेला कार्यक्रम बोलतो. पण या दारावरची भाषा फार कडक. स्वल्पविराम चुकला तरी उत्तर मिळावयाचे नाही. तेव्हा मध्ये कोणीतरी जाणता कारकून असावा लागतो. संगणकाच्या पायथॉन नावाच्या भाषेत असा एक कारकून तयार करण्यात आला आहे. तो मुख्यतः अँडी केसी या खगोलशास्त्रज्ञाने लिहिला, इतर अनेकांनी त्यात भर घातली, आणि तो कोणासही विनामूल्य वापरता येतो, उघडून पाहता येतो, सुधारताही येतो. त्याचे नावही भांडाराच्या नावावरून 'एडीएस' असेच ठेवलेले आहे.

अशा साधनास संगणकवाले 'लायब्ररी' म्हणतात, आणि या शब्दाने आपला घोटाळा होण्याचा संभव आहे. ही पुस्तकांची लायब्ररी नव्हे. वारंवार लागणाऱ्या आज्ञा एकदाच नीट लिहून, बांधून ठेवलेला तो संच असतो. जुन्या वाचनालयात गजाआड बसणारा ग्रंथपाल आठवा. आपण चिठ्ठीवर लिहीत असू, 'लेखक अमुक, साल अमुक'. कपाट कोणते, फळी कितवी, याची आपणांस वार्ताही नसे. ग्रंथपाल आत जाई आणि पुस्तक आणून समोर ठेवी. हा संच त्या ग्रंथपालाच्या जागी आहे. ग्रंथ भांडारात आहेत. चिठ्ठी आपण लिहावयाची. धावपळ त्याने करावयाची.

आता नारळीकरांचीच चिठ्ठी लिहून पाहू. नुसते 'नारळीकर' लिहिले तर काय होईल? जयंतरावांचे लेख येतीलच, पण त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर यांचेही येतील. ते काशीस गणिताचे प्राध्यापक होते आणि सापेक्षतेवर त्यांनी पुष्कळ लिहिले आहे. पिता-पुत्रांची मोट एकत्र बांधली जाईल. म्हणून आडनावापुढे स्वल्पविराम देऊन आद्याक्षर लिहावे. मग वर्षांची मर्यादा घालावी : १९६० पासून १९६९ पर्यंत. मग क्रम सांगावा : जुन्याकडून नव्याकडे, की ज्याचा इतरांनी अधिक उल्लेख केला तो आधी? शेवटी काय काय हवे तेही सांगावे : शीर्षक, सहलेखक, खूण, गोषवारा. अशी चार ओळींची चिठ्ठी झाली की काम झाले.

दीक्षितांच्या चार प्रश्नांपैकी पहिले दोन येथे सुटले. उरलेल्या दोहोंसाठी भांडारात विशेष सोय आहे. एक आज्ञा लेखातून मागे जाते आणि त्याने कोणाचा आधार घेतला ते सांगते. दुसरी पुढे जाते आणि त्याचा आधार पुढे कोणी घेतला ते दाखविते. ही वाङ्मयाची वंशावळच म्हणावयाची. भास्कराचार्यांच्या मागे गेले की ब्रह्मगुप्त भेटतो, श्रीधर भेटतो. पुढे आले की १५४५ मध्ये लीलावतीवर टीका लिहिणारा गणेश दैवज्ञ भेटतो, सिद्धान्तशिरोमणीवर लिहिणारा मुनीश्वर भेटतो. ही माळ ओवण्यास दीक्षितांना वर्षे लागली. आजच्या लेखांची माळ हा संच काही क्षणांत ओवून देतो.

भांडाराचे काही नियम आहेत, तेही सांगितले पाहिजेत. प्रथम नाव नोंदवून एक 'टोकन' घ्यावे लागते. पूर्वी बँकेत पितळी बिल्ला मिळे तसेच हे. फक्त पितळेऐवजी अक्षरांची लांबलचक माळ. ते विनामूल्य असते, पण ज्याचे त्याने जपावयाचे. दुसरे, एका विनंतीत जास्तीत जास्त २००० नोंदी मिळतात, आणि शोधाच्या विनंत्या दिवसाला साधारण ५००० च्या आत ठेवाव्या लागतात. विहीर सर्वांची असली म्हणजे एकानेच दिवसभर मोट चालवू नये, एवढाच याचा अर्थ.

या नियमाने आमची एकदा फजिती झाली, ती सांगण्यास संकोच नाही. आम्ही उत्साहाने दोन हजार लेख मागविले, परंतु चिठ्ठीत काय काय हवे ते लिहिलेच नाही. नंतर एकेका लेखाबाबत गोषवारा, उल्लेख आणि पृष्ठ अशा तीन गोष्टी विचारीत सुटलो. कारकून मोठा आज्ञाधारक! प्रत्येक गोष्टीसाठी तो पुन्हा भांडारात जाऊन येई. दोन हजार लेख, प्रत्येकी तीन खेपा, म्हणजे सहा हजार खेपा. पाच हजारांवर दार बंद झाले आणि आम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत हात चोळीत बसलो. सुरुवातीसच सर्व मागितले असते तर एका खेपेत भागले असते. तशी सूचनाही पडद्यावर आली होती. पण सूचना वाचतो कोण? बाजाराला निघताना घरच्यांनी दिलेली यादी टेबलावर विसरणाऱ्या माणसाने मिरच्यांसाठी एकदा, मिठासाठी एकदा आणि कोथिंबिरीसाठी एकदा मंडईत जावे, तशातला हा प्रकार.

येथपर्यंत साधनाचे कौतुक झाले. परंतु साधनाचे कौतुक करून थांबणारा वक्ता श्रोत्यांशी अर्धेच खरे बोलतो. तेव्हा दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्याच पाहिजेत.

पहिली ही, की मोजणे म्हणजे वाचणे नव्हे. अमक्याच्या लेखाचा किती जणांनी उल्लेख केला, हा आकडा हा संच चुटकीसरशी देतो. आकडा हाती आला की माणसाला तो तराजूत घालण्याचा मोह होतो. कोणाला नोकरी द्यावी, कोणाला बढती द्यावी, हे अशा आकड्यांवर ठरविण्याची प्रथा विद्याक्षेत्रात पसरली आहे. आपल्याकडे कापसाची गाडी आली की जाणता व्यापारी आधी मुठीत कापूस घेऊन धागा ओढून पाहतो, मग वजनाकडे वळतो. नुसत्या वजनावर कापूस घेणारा ओला कापूस घेऊन घरी जाईल. उल्लेखांची संख्या हे वजन आहे. धागा ओढून पाहण्याचे काम वाचणाऱ्यानेच करावयाचे असते, आणि ते कोणताही कारकून आपल्यासाठी करू शकत नाही.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. भांडारात एखादी गोष्ट सापडली नाही म्हणजे ती जगात नाही, असे समजणे चूक आहे. भांडारात तेच असते जे कोणीतरी आणून ठेवले आणि ज्याची कोणीतरी नोंद केली. आधुनिक नियतकालिकांची नोंद तेथे उत्तम आहे. पण जुन्या पोथ्या, घरोघरची पंचांगे, मराठीत लिहिलेली टिपणे यांचे काय? दीक्षितांचा मराठी ग्रंथ १८९६ चा. त्याच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला भाग भारत सरकारने १९६९ मध्ये प्रसिद्ध केला आणि दुसरा १९८१ मध्ये. म्हणजे मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकाला तो वाचावयास मिळेपर्यंत सत्तर-ऐंशी वर्षे गेली. संस्कृतातील ज्योतिषग्रंथांची मोठी सूची डेव्हिड पिंग्री या अमेरिकन पंडिताने १९७० पासून पुढे पाच खंडांत प्रसिद्ध केली. ते काम आपल्याकडून व्हावयास हवे होते, असे वाटून मन थोडे खट्टू होते; परंतु ज्याने केले त्याचे आभारच मानले पाहिजेत.

खानदेशाला हे सांगण्याची खरे म्हणजे गरज नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यास वारले. गावोगाव पायी हिंडून त्यांनी जमविलेली दफ्तरे उधळली जाऊ नयेत म्हणून धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे केले. समर्थ वाङ्मयाची हस्तलिखिते शंकरराव देवांनी धुळ्यासच जमविली आणि ती वाग्देवता मंदिरात ठेवली. कागद जपण्याची विद्या या भूमीला अवगत आहे. आता तिला नोंद करण्याच्या नव्या विद्येची जोड हवी. आपल्या घरी आजोबांची पोथी असेल, हाताने लिहिलेले पंचांग असेल, ग्रहणाचे गणित मांडलेली वही असेल, तर तिचे छायाचित्र घ्या. कोणाची, कोठली, केव्हाची, एवढी नोंद करून एखाद्या जाणत्या संस्थेस कळवा. नोंद नसलेली पोथी कपाटात असूनही नसल्यासारखीच आहे.

आता चालकांच्या प्रश्नाकडे येऊ. हे जळगावच्या श्रोत्यांना हवे कशाला? 

येथे कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचे विद्यापीठ आहे; जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील विद्यार्थी त्यात शिकतात. एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला तारे पाहण्याचा छंद लागला, तर तिने वाचावे काय? परदेशी नियतकालिकांची वर्गणी भरणे लहान कॉलेजास परवडत नाही. 'आपल्याकडे संशोधन व्हावयाचे नाही, ते पुण्या-मुंबईचे काम' असे तिला वडीलधारी माणसे सांगतात, आणि पुष्कळ काळपर्यंत ते खरेही होते. आज ते तितकेसे खरे राहिलेले नाही. हार्वर्डमधील प्राध्यापक ज्या दाराशी उभा राहतो त्याच दाराशी ही मुलगीही उभी राहू शकते. तिलाही तेच टोकन, तीच मर्यादा, तेच उत्तर. पुष्कळ लेखांची मोफत प्रतही तेथूनच पुढे हाती लागते. तिला लागतो एक साधा संगणक, थोडे इंग्रजी, आणि 'तू विचार, तुला उत्तर मिळेल' असे सांगणारे कोणीतरी. पहिल्या दोन गोष्टी ती मिळवील. तिसरी तिला आपणच द्यावयाची आहे.

आणि येथेच ती पळीभर तेलाची गोष्ट पुन्हा येते. भांडार विनामूल्य आहे याचा अर्थ त्याला मूल्य पडत नाही असा नव्हे. अमेरिकेतील करदात्याच्या पैशावर ते चालते, आणि त्या करदात्यांत खगोलशास्त्र न कळणारेच बहुसंख्य असणार. कारकुनाचा संच लिहिणाऱ्यांनी आपला वेळ दिला. आठशे वर्षांपूर्वी पाटणच्या तेल्याने घाण्यामागे पळीभर तेल दिले, ते याच जातीचे दान. मठ आज उरला नाही. त्याची भिंत कोठे होती हे सांगणेही अवघड आहे. ग्रंथ मात्र उरले, कारण कोणीतरी त्यांची नक्कल केली, कोणीतरी नोंद ठेवली, आणि ज्यांना त्यातले काही कळत नव्हते त्यांनी दिव्यात तेल घातले.

आपल्यापैकी प्रत्येकाने संगणकाची भाषा शिकावी असे आमचे म्हणणे नाही. पण आपल्या घराण्यातील, गल्लीतील, शाळेतील एखादे मूल उद्या विचारील, "धूमकेतूबद्दल आजवर कोणी काय लिहिले, हे मला कोठे कळेल?" त्या वेळी त्याला गप्प बसवू नका. दार कोठे आहे ते त्याला दाखवा. आपल्या वाट्याची पळी ती.